विषमतेवर एका भाषेचा उतारा: श्रीलंकेत नेमकं कुठे बिघडलं?

दूरदेशी

श्रीलंकेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा थेट तमिळ वाघांच्या (एलटीटीईच्या) प्रभाकरनवर येते. मानवी बॉम्ब, श्रीपेरुंबुदूरला झालेली राजीव गांधींची हत्या, भारताची शांतिसेना आणि २००९ साली मुल्लिवायक्कालला झालेला युद्धाचा शेवट. मला त्याआधीच्या पंचवीस-तीस वर्षांबद्दल लिहायचं आहे. तमिळ आणि सिंहली हे 'मुळातच वेगळे' म्हणून भांडले, हे सरसकट विधान मला पटत नाही. वेगळे तर ते शेकडो वर्षं होतेच. लेख मोठा आहे, सवडीने वाचा.

४ फेब्रुवारी १९४८ ला सिलोन (श्रीलंकेचं तेव्हाचं नाव) स्वतंत्र झाला तेव्हा राज्यकारभार इंग्रजीत चालायचा. कोर्टाचा निकाल, तार, जमिनीची नोटीस, नोकरीचा अर्ज, सगळं इंग्रजीत. ही भाषा शंभरातल्या दहा लोकांनाही धड येत नव्हती. म्हणजे कुरुनेगलाचा सिंहली शेतकरी आणि जाफन्याचा तमिळ कोळी दोघेही आपल्याच देशाच्या कचेरीत मुके. वर बसलेला वर्ग मात्र मिश्र होता: सिंहली जमीनदार, तमिळ वकील, बर्गर (युरोपीय वंशाचे) अधिकारी. त्यांच्या शाळा, क्लब आणि भाषा एकच होती. खरी भेग होती ती या वर्गात आणि बाकीच्या देशात.

१९४५ पासून सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांच्या पुढाकाराने शिक्षण मोफत झालं. खेड्यातली पोरं शिकू लागली, पण सिंहली किंवा तमिळ माध्यमात. शिकून बाहेर पडल्यावर नोकरीच्या दारावर पुन्हा इंग्रजीची पाटी. देशी भाषेत शिकवणाऱ्या मास्तराला इंग्रजी शाळेतल्या मास्तरापेक्षा पगार कमी. हा राग रास्त होता.

१९५३ साली तो एकदा पोटाच्या प्रश्नावर बाहेर आला. सरकारने अनुदान कापलं आणि रेशनच्या तांदळाचं माप २५ सेंटवरून ७० सेंटवर नेलं. १२ ऑगस्टला डाव्या पक्षांनी हरताळ पुकारला. रूळ उखडले गेले, गोळीबार झाला, आणि मंत्रिमंडळाने कोलंबो बंदरात उभ्या असलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवर जाऊन बैठक घेतली. पंतप्रधान डडली सेनानायके यांनी पुढे राजीनामा दिला. त्या दिवशी रस्त्यावरचा प्रश्न तांदळाचा होता, भाषेचा नव्हता.

तीनच वर्षांत तोच राग भाषेकडे वळवला गेला. एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके ऑक्सफर्डला शिकलेले, अँग्लिकन कुटुंबात जन्मलेले, पुढे बौद्ध झालेले. १९५६ च्या निवडणुकीत त्यांनी पाच शक्ती एकत्र आणल्या: भिक्खू, आयुर्वेदाचे वैद्य, देशी भाषेतले शिक्षक, शेतकरी, कामगार. यादी नीट पाहा. इंग्रजी राजवटीत मान आणि पैसा या दोन्हींपासून दूर ठेवलेल्या खेड्यातल्या माणसांची ही यादी आहे. त्यांना आश्वासन मिळालं ते '२४ तासांत फक्त सिंहली'चं. जमीन, पगार, कारखाने यांना वेळ लागतो, पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे वरच्या वर्गाला काहीतरी सोडावं लागतं. कायद्यातली भाषा एका दुपारी बदलता येते.

५ जून १९५६ ला विधेयक संसदेत आलं तेव्हा बाहेर गॉल फेसच्या मैदानावर तमिळ नेते सत्याग्रहाला बसले होते. जमावाने त्यांना मारहाण केली. त्यांच्यातले अमिर्तलिंगम डोक्याला पट्टी बांधून सभागृहात आले. डाव्या पक्षाचे कॉल्विन डी सिल्वा त्या चर्चेत बजावून सांगत होते: दोन भाषा ठेवाल तर एक राष्ट्र राहील, एक भाषा कराल तर दोन राष्ट्रं होतील. ते स्वतः सिंहली होते. विधेयक मंजूर झालं आणि त्याच महिन्यात पूर्वेकडे गल ओया खोऱ्यात दंगल होऊन माणसं मेली.

कायद्याचा अर्थ काय होतो हे कोडीश्वरन यांच्या खटल्यात दिसतं. सरकारी नोकरीतला हा तमिळ माणूस. नोकरीला लागला तेव्हा इंग्रजी ही अट होती, ती त्याने पुरी केलेली. नंतर फर्मान निघालं की पगारवाढ हवी तर सिंहलीची परीक्षा द्या. त्याने नकार दिला. वेतनवाढ थांबली. तो कोर्टात गेला. जिल्हा न्यायालयाने १९६४ साली त्याच्या बाजूने कौल दिला: राज्यघटनेचं २९ वं कलम कोणत्याही समाजाविरुद्ध भेदभाव करणारा कायदा करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नाला हात न लावता निकाल फिरवला, की सरकारी नोकराला पगारासाठी सरकारवर दावाच करता येत नाही. १९६९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) ते अमान्य करून प्रकरण परत पाठवलं. मूळ प्रश्नाचा निकाल कधी लागलाच नाही, कारण १९७२ साली नवी राज्यघटना आली. तिने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं आणि ते २९ वं कलम गाळलं. एका कारकुनाच्या पगारवाढीचा प्रश्न देशाला न्यायालयात सोडवता आला असता. त्यांनी तो दरवाजाच काढून टाकला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. एप्रिल १९७१ मध्ये श्रीलंकेत पहिलं मोठं सशस्त्र बंड झालं. ते तमिळांचं नव्हतं. रोहण विजेवीरा यांच्या जनता विमुक्ती पेरमुना, म्हणजे जेव्हीपीचं होतं. बंडखोर बहुतेक सिंहली, बौद्ध, खेड्यातले, सिंहली माध्यमात शिकलेले, विशी-पंचविशीतले. ज्यांच्यासाठी १९५६ चा कायदा केला असं सांगितलं गेलं, तीच पिढी. हातात पदवी होती, नोकरी नव्हती. सरकारी अर्ज सिंहलीत झाला होता, पण बँका, व्यापारी पेढ्या, वरच्या जागा इंग्रजीतच राहिल्या. बंदरनायक्यांची एक मुलगी ऑक्सफर्डला शिकली, दुसरी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेली चंद्रिका, पॅरिसला. ५ एप्रिलच्या रात्री देशभरातल्या पोलीस ठाण्यांवर एकदम हल्ले झाले. सरकारने भारतासह अनेक देशांची मदत घेऊन बंड चिरडलं. हजारो पोरं मेली, हजारो तुरुंगात गेली.

म्हणजे भाषा एक करून पंधरा वर्षं झाली, तरी बहुसंख्याकांच्या घरातली विषमता जागच्या जागी होती. त्यावर सरकारने काय केलं? त्याच सुमारास विद्यापीठ प्रवेशात 'प्रमाणीकरण' आणलं. अभियांत्रिकीला सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्याला २२७ गुण पुरेसे, तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला २५० हवेत. रागावलेल्या सिंहली तरुणाला देण्यासाठी तमिळ तरुणाच्या ताटातलं काढलं. जाफन्यात घरटी एक पोरगा डॉक्टर-इंजिनीअर व्हायची स्वप्नं बघत होता, त्याच गल्ल्यांमधून पुढच्या दहा वर्षांत बंदूकधारी गट उभे राहिले.

माझं म्हणणं एवढंच: एकसारखं करणं हे समान करण्याच्या जागी दिलं गेलं. त्यातून दोन्हीकडची पोरं मेली. तुमची मतं वाचायला आवडतील.

स्पष्ट_बोल

अभ्यासपूर्ण लेख, पण एकतर्फी वाटला. जाफन्याचे तमिळ लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त सरकारी जागांवर बसले होते, हे तुम्ही सोयीस्करपणे वगळलंत. देशातली जवळपास तीन चतुर्थांश जनता सिंहली. तिने आपल्या भाषेत कारभार मागितला तर ते 'एकसारखं करणं' कसं? मग आपला संयुक्त महाराष्ट्राचा लढाही तुमच्या लेखी तसलाच म्हणायचा का? ब्रिटिशांनी फोडा आणि झोडा केलं, त्याचं बिल सिंहलींवर कशाला फाडता?

दूरदेशी

@स्पष्ट_बोल, वगळलेलं नाही, लेख लांबला म्हणून थांबलो होतो. डॉक्टर, इंजिनीअर, कारकून यांच्यात तमिळांचा वाटा मोठा होता हे खरंच. कारणंही उघड आहेत. जाफना द्वीपकल्पाची जमीन कोरडी, विहिरीच्या पाण्यावरची शेती, घरात चार भाऊ असले तर वाट्याला काय येणार? त्यात अमेरिकी मिशनऱ्यांनी १८२३ सालीच वड्डुक्कोट्टैला मोठी शाळा काढलेली. पोरगा इंग्रजी शिकवायचा आणि सरकारी नोकरीत चिकटवायचा, हाच तिथला खात्रीचा मार्ग झाला. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

असमतोल होता, तर त्यावर उपाय कन्नंगरांनी दाखवला होता: खेड्यापाड्यांत चांगल्या मध्यवर्ती शाळा. मागे राहिलेल्याला वर आणायचं. १९७४ साली आलेले जिल्हावार कोटे त्यातल्या त्यात समजण्यासारखे होते. त्यात मन्नार, बट्टिकलोआसारख्या मागास तमिळ भागांनाही फायदा झाला. पण माध्यम बघून गुणांची रेषा वेगळी ठेवणं हे सरळ सरळ जन्म बघणं झालं.

संयुक्त महाराष्ट्राचं म्हणाल, तर आपण आपल्या प्रदेशाचा कारभार आपल्या भाषेत मागितला. गुजरातने मराठीत कारभार करावा असं कुणी म्हटलं नाही. एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांची फेडरल पार्टी नेमकं तेच मागत होती: उत्तर-पूर्वेत तमिळ. गंमत बघा, १९५६ हेच भारतात भाषावार राज्यपुनर्रचनेचं साल. ती करतानाही रक्त सांडलं, फ्लोरा फाउंटनला हुतात्मे झाले, पण देशाने शेवटी मागणी मान्य केली. १९६५ मध्ये हिंदीच्या प्रश्नावर मद्रास पेटलं तेव्हाही दिल्लीने पाऊल मागे घेतलं आणि १९६७ साली इंग्रजी चालू ठेवायची कायद्यात तरतूद केली. तमिळनाडूत वेगळ्या देशाची मागणी पुन्हा उठली नाही ती अशी.

भीमाकाठ

लेख आवडला. एक बाजू जोडतो, कारण ती माझ्या जिव्हाळ्याची आहे.

१९५६ हे बुद्ध जयंतीचं २५०० वं वर्ष. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. बाबासाहेब त्याआधी १९५० साली कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. आमच्या घरात १९५६ म्हणजे माणूस म्हणून उभं राहण्याचं वर्ष. तिकडे त्याच जयंतीच्या उत्साहावर स्वार होऊन 'फक्त सिंहली' आलं. बुद्ध तोच, पण इथे तो जात मोडायला आला आणि तिथे बहुसंख्याकांच्या राज्याचा शिक्का झाला.

जात तिथे गेली होती का? नाही. १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकायात (निकाय म्हणजे भिक्खू संघाची शाखा), मल्वत्त आणि अस्गिरिय विहारांत, उपसंपदा म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा फक्त गोविगम या शेतकरी जातीलाच. म्हणून दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीच्या भिक्खूंनी ब्रह्मदेशात जाऊन दीक्षा घेतली आणि १८०३ मध्ये अमरपूर निकाय काढला. 'आपण सगळे सिंहली बौद्ध' ही घोषणा या उतरंडीवर घातलेली चादर होती.

आणि तमिळांकडे? १९६८ साली जाफन्याजवळ माविट्टपुरमच्या कंदस्वामी मंदिरात दलित जातींनी प्रवेश मागितला तेव्हा वेल्लाळ या वरच्या जातीची मंडळी काठ्या घेऊन दारात उभी राहिली. त्यांच्या पुढाऱ्यांत माजी मंत्री सुंदरलिंगम होते, जे कोलंबोत तमिळांवरच्या अन्यायाबद्दल बोलायचे. वर्चस्व गाजवणारा प्रत्येक गट बाहेरच्यासमोर 'आपण एक' म्हणतो आणि आत पायरी दाखवतो. म्हणून मला हा प्रश्न सिंहली विरुद्ध तमिळ असा मांडलेला आवडत नाही. दूरदेशींनी तो तसा मांडलेला नाही, याबद्दल आभार.

रानवाटा

आम्ही श्रीलंकेत हॅटनच्या बाजूला फिरायला गेलो होतो. चहामळ्यांचे फोटो काढून झाले की पर्यटक परत फिरतात. आमचा ड्रायव्हर तिथलाच, त्याने त्याच्या मावशीकडे नेलं. एका रांगेत जोडलेल्या खोल्या, पत्र्याचं छप्पर, एका खोलीत पूर्ण कुटुंब. त्याला 'लाइन' म्हणतात. ब्रिटिशांनी बांधलेल्या लाइनी अजून वापरात आहेत.

संध्याकाळी पानं तोलायची जागा पाहिली. बायका डोक्यावरच्या पट्ट्याला अडकवलेली गोणी उतरवून काट्याला लावतात. पान ओलं आहे, गोणीचं वजन आहे, असं म्हणत मुकादम काही किलो वजा करूनच आकडा लिहितो. पाऊस नसला तरी. मावशी म्हणाल्या, भांडायचं कुणाशी, उद्या पुन्हा याच काट्यावर यायचंय.

या लोकांबद्दल लेखात काहीच नाही, म्हणून लिहिलं.

दूरदेशी

@रानवाटा, फार बरं झालं लिहिलंत. खरं तर सुरुवात इथूनच झाली. स्वातंत्र्य मिळून वर्ष व्हायच्या आत, १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यातल्या भारतीय वंशाच्या लाखो तमिळांना परकं ठरवलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबलेली माणसं. पुढच्या वर्षी त्यांची मतंही गेली. देशाला परकीय चलन मिळवून देणारा चहा ज्यांच्या हातून निघायचा त्यांनाच मत नाही.

का? ते डाव्यांना आणि आपल्या संघटनेला मत द्यायचे, हे एक कारण. आणि जाफन्याच्या तमिळ पुढाऱ्यांचं काय? जी. जी. पोन्नंबलम पुढे त्याच सरकारात मंत्री झाले. चेल्वनायकम यांनी त्यांची साथ सोडून डिसेंबर १९४९ मध्ये फेडरल पार्टी काढली. आज मळेवाल्यांची पाळी आहे, उद्या भाषेचा कायदा येईल तेव्हा तुमची येईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि बंदरनायक्यांच्या पत्नी, तेव्हाच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. ९ लाख ७५ हजार माणसांची वाटणी: ५ लाख २५ हजार भारताने घ्यायचे, ३ लाख सिलोनने, उरलेल्या दीड लाखाचं नंतर बघू. माणसांना कुणी विचारलं नाही. निलगिरीत कोटगिरी, गुडलूरच्या बाजूला अशी परत आणलेली कुटुंबं आजही आहेत. तिथे त्यांना 'सिलोनवाले' म्हणतात, आणि सिलोनमध्ये ते 'इंडियन' होते. नागरिकत्वाचा उरलेला गुंता सोडवणारा कायदा व्हायला २००३ साल उजाडलं.

सीमाभागातला

कोडीश्वरन यांचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. मी सीमाभागातला आहे. वडील गेले तेव्हा वारसनोंदीसाठी तालुक्याच्या कचेरीत गेलो. फॉर्म कन्नडमध्ये, उतारा कन्नडमध्ये, खिडकीवरचा माणूस मराठी समजत असूनही कन्नडमध्येच बोलणार. शेवटी बाहेर बसलेल्या अर्जनवीसाला पैसे देऊन फॉर्म भरून घेतला आणि त्यात काय लिहिलंय हे न कळता सही केली. आपल्या बापाच्या जमिनीचा कागद.

मी कन्नड शिकलोय, मुलं तर उत्तम बोलतात. शेजारी कन्नड आहेत, सणाला ताटं जातात येतात. भाषा शिकायला आमची हरकत कधीच नव्हती. तुमची भाषा इथली नाहीच असं कुणी म्हटलं की मात्र तिडीक जाते. लोकांना वाटतं आम्ही पाट्यांसाठी भांडतो. श्रीलंकेत गाड्यांच्या नंबरप्लेटवरून दंगल झाली होती असं वाचलं होतं, ते काय होतं?

दूरदेशी

@सीमाभागातला, होय. १९५७-५८ मध्ये नव्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर सिंहली लिपीतलं 'श्री' हे अक्षर आलं. तमिळांनी उत्तरेत त्यावर डांबर फासलं, तमिळ 'श्री' लिहिलं. त्याचा सूड म्हणून दक्षिणेत तमिळ पाट्यांवर डांबर फासलं गेलं. शब्द दोन्ही भाषांत तोच, पवित्र मानलेला.

पण दंगलीचं खरं कारण त्या आधीच्या करारात आहे. २६ जुलै १९५७ ला बंदरनायके आणि चेल्वनायकम यांनी करार केला होता. प्रादेशिक परिषदा, उत्तर-पूर्वेत तमिळमध्ये कारभार, नव्या वसाहतींसाठी जमीनवाटपात स्थानिक परिषदेचा शब्द. प्रश्न तिथेच मिटत होता. विरोधी पक्षाच्या जे. आर. जयवर्धन्यांनी त्याविरुद्ध कँडीच्या दिशेने पदयात्रा काढली. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर येऊन बसले आणि त्याच दिवशी बंदरनायक्यांनी करार रद्द झाल्याचं जाहीर केलं. पुढच्या महिन्यात दंगली पेटल्या. कोलंबोतल्या तमिळांना जहाजात बसवून जाफन्याला पाठवावं लागलं. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये बंदरनायक्यांना गोळ्या घातल्या त्या एका भिक्खूनेच.

हेच जयवर्धने १९८३ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष होते. जाफन्यात १३ सैनिक मारले गेले आणि कोलंबोत मतदार याद्या हातात घेऊन जमाव तमिळांची घरं शोधत फिरला. १९८७ साली राजीव गांधींशी करार करून प्रांतिक परिषदा आणि तमिळला राजभाषेचा दर्जा त्यांनीच दिला. तीस वर्षांपूर्वी ज्याविरुद्ध ते कँडीला चालत निघाले होते, तेच.

अनघा_क

माझे काका शांतिसेनेत होते. जाफन्यात उतरले तेव्हा लोकांनी हार घातले, काही महिन्यांत त्याच गल्ल्यांत सुरुंग लागले. ते याबद्दल फारसं बोलत नाहीत. मात्र एक नाव ते नेहमी घेतात, मेजर रामस्वामी परमेश्वरन. मुंबईत जन्मलेले, ८ महार बटालियनचे अधिकारी. नोव्हेंबर १९८७ मध्ये तिथे धारातीर्थी पडले, मरणोत्तर परमवीरचक्र. मुंबईचा तमिळ माणूस, महार रेजिमेंटचे जवान, आणि समोर तमिळ पोरं. काका म्हणतात, आम्ही कुणाच्या बाजूने लढतोय हे रात्री झोपताना कळायचं नाही. बाराशेच्या आसपास भारतीय जवान तिथे प्राणाला मुकले.

मला विचारायचं आहे ते वाघांबद्दल. त्यांच्यावर अन्याय झाला म्हणून ते काहीही करायला मोकळे होतात का? इथली चर्चा थोडी त्या अंगाने झुकते आहे असं वाटलं.

भीमाकाठ

@अनघा_क, अजिबात मोकळे होत नाहीत. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तरेतल्या मुसलमानांना हाकललं. ते तमिळच बोलायचे. जाफना शहरात तर दोन तासांची मुदत. दागिने, घराचे कागद, सगळं काढून घेतलं आणि सत्तर हजारांवर माणसं रस्त्यावर आणली. पुत्तलमच्या छावण्यांत एक अख्खी पिढी वाढली. कोलंबोने तमिळांना जे केलं तेच वाघांनी आपल्या हातात आलेल्या तुकड्यात केलं: एक भाषा, एक संघटना, एक नेता. दुसऱ्या तमिळ संघटनांची माणसं मारली, अमिर्तलिंगम यांना १९८९ मध्ये मारलं. गॉल फेसवर डोकं फुटलं होतं तेच अमिर्तलिंगम.

स्पष्ट_बोल

भीमाकाठ यांचा हा प्रतिसाद पटला. दूरदेशींचं म्हणणंही बऱ्याच अंशी समजलं. तरी एक शंका राहतेच. प्रत्येक गटाला त्याची भाषा, त्याची परिषद देत बसलो तर देश म्हणून काही सामायिक उरतं का? समान काहीतरी लागतंच. सिंगापूरने चार राजभाषा ठेवल्या, पण व्यवहार इंग्रजीत बांधला आणि चिनी बोलीभाषा मागे सारून मँडरिन रुजवलं. ते टिकलेच ना?

मेळघाटकर

मी मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. तुमच्या 'सामायिक'बद्दल माझ्या वर्गातलं सांगतो.

पहिलीत येणारं पोर घरी कोरकू बोलतं. पुस्तक मराठी. मी 'पाटी काढ' म्हणतो, ते माझ्या तोंडाकडे बघत राहतं. शेजारच्याने काढली की मग काढतं. तीन-चार महिने असंच शेजाऱ्याकडे बघून चालतं. तपासणीला साहेब आले की शेरा मारतात, मुलं बोलत नाहीत. मुलं मधल्या सुट्टीत नुसता गलका करतात, साहेब तेव्हा ऑफिसात असतात. चौथीपर्यंत अर्धी पोरं आपण ढ आहोत असं मानू लागतात, आणि आईबापाबरोबर वीटभट्टीवर निघून गेली तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

मी कोरकू शिकलो, गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी गोळा केल्या, पहिली दोन वर्षं दोन्ही भाषांत शिकवतो. मराठी त्यांना लवकर आणि चांगली येते, हा माझा अनुभव. सामायिक भाषा नको असं कोण म्हणतं? पण तिकडे जायचा रस्ता त्याच्या घरापासून निघायला हवा.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी नको म्हणून आपण सगळे उभे राहिलो, २९ जूनला शासनाने निर्णय मागे घेतला. तेव्हा आपण म्हणालो, लहान पोरावर दुसरी भाषा लादू नका. ते वाक्य माझ्या वर्गातल्या पोरालाही लागू आहे. आपण त्याच्यासाठी उभे राहणार का, हे मला या धाग्यावरच्या प्रत्येकाला विचारायचं आहे.

दूरदेशी

@मेळघाटकर, माझ्यापुरतं उत्तर: हो. कोरकूतल्या गोष्टी छापायच्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथे आणखी दोघे-तिघे तयार होतील अशी खात्री आहे.

@स्पष्ट_बोल, सामायिक लागतं हे मान्य. सिंगापूरने व्यवहारासाठी निवडलेली भाषा तिथल्या चिनी, मलय आणि भारतीय या तिन्ही मोठ्या समाजांपैकी कुणाचीच नव्हती, आणि घर, शाळा, दवाखाना हे सरकारने सगळ्यांना दिलं. बोलीभाषांचं नुकसान तिथेही झालं, आजी-नातवंडांचं बोलणं तुटलं, पण कुणाची भाकरी दुसऱ्याच्या भाषेखाली दबली नाही. सामायिक काय असावं याचं मला सुचणारं उत्तर हे: १९५३ च्या तांदळासारखं काहीतरी. सगळ्यांना लागणारं.

अनघा_क

आता तिथे काय परिस्थिती आहे? काही बदललं का?

दूरदेशी

पुढेमागे चाललं आहे. ४ फेब्रुवारी २०१६ ला कितीतरी वर्षांनी स्वातंत्र्यदिनाच्या सरकारी समारंभात राष्ट्रगीत तमिळमध्येही गायलं गेलं. राष्ट्राध्यक्ष म्हणून गोताबाया राजपक्षे आल्यावर २०२० मध्ये ते पुन्हा वगळलं. २०२२ मध्ये पेट्रोल, गॅस, औषधं संपली आणि लोकांनी त्यांना पळवून लावलं. ते आंदोलन गॉल फेसवरच झालं आणि त्यात सिंहली, तमिळ, मुसलमान एकत्र बसले होते. दक्षिणेच्या लोकांना तेव्हा बहुधा पहिल्यांदा उत्तरेतल्या बेपत्ता मुलांच्या आयांचं बोलणं ऐकून घ्यावंसं वाटलं.

आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एक गोष्ट झाली जी तिथल्या जाणकारांनाही अपेक्षित नव्हती. जेव्हीपीच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने जाफना जिल्ह्यात सहापैकी तीन जागा जिंकल्या. तीच जेव्हीपी, १९७१ च्या सिंहली खेड्यातल्या पोरांची. याच पक्षाने २००६ साली न्यायालयात जाऊन उत्तर आणि पूर्व प्रांत वेगळे करून घेतले होते, त्यामुळे तमिळांनी त्यांना मत देणं ही साधी गोष्ट नव्हे. महागाई, भ्रष्टाचार, सैन्याने अडवलेल्या जमिनी, या प्रश्नांवर ते मत पडलं.

मी तरी एका गोष्टीवर डोळा ठेवून आहे. उत्तर प्रांताच्या परिषदेची निवडणूक २०१३ साली झाली. मुदत २०१८ मध्ये संपली आणि मग पुढची निवडणूक लांबणीवर पडत गेली. १९५७ च्या करारातली परिषद ती हीच. नव्या सरकारने ती निवडणूक घेतली, की याच धाग्यावर येऊन निकाल लिहीन.